पंधरा वर्षांच्या मुलाला निवासी केंद्रात ठेवू का? पंधरा तारखेपर्यंत ठरवायचंय (इंदूर)

रामबागची आई

नमस्कार. चार दिवस लिहितेय आणि पुसतेय. आज पाठवून टाकते.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. हे पीथमपूरला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. मी सहकारी बँकेत काउंटरवर. मोठी मुलगी पुण्याला शिकते. धाकट्याला पंधरा पूर्ण झाली, यंदा दहावी. प्रश्न त्याचा आहे.

सातवीपर्यंत हा मुलगा तबला शिकत होता. गल्लीतल्या गणपतीत आरतीला हाच बसायचा. आठवीत तबला सोडला. मग क्रिकेट सुटलं. मग जुने मित्र सुटले आणि नवे आले, त्यांची नावं तो मला सांगत नाही. गेलं वर्षभर रात्री चार-चार वाजेपर्यंत मोबाईल, आणि सकाळी उठवायला गेलं की अंगावर येतो. शाळेतून तीनदा बोलावणं आलं. एकदा वर्गातल्या मुलाला मारलं म्हणून, दोनदा घरून निघून शाळेत पोचलाच नाही म्हणून. मार्चमध्ये कपाटातून सहा हजार गेले. विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग यांच्या तोंडावर म्हणाला, "हो, घेतले, काय करणार?" यांचा हात उठला. तो बाथरूममध्ये गेला आणि आतून दाराला लाथा मारत राहिला. कडी निखळली. ती अजून तशीच लोंबतेय. सुताराला बोलावलं तर तो विचारणार काय झालं, म्हणून बोलावलेलं नाही.

गेल्या महिन्यात दप्तरात वेप, म्हणजे ती ई-सिगारेट, सापडलं. आणखी काही घेतो का, देव जाणे. "मला इथं राहायचंच नाही," असं सारखं म्हणतो. मग हे म्हणाले, नाही ना राहायचं, ठीक आहे.

नणंदेच्या ओळखीतून एक जागा कळली. शहराबाहेर आहे, नाव लिहीत नाही. बिघडलेल्या मुलांसाठीचं निवासी केंद्र. महिना पंचेचाळीस हजार, किमान सहा महिने. पहाटे पाचला उठणं, योगासनं, परेड, अभ्यास, मोबाईल बंद. पहिले नव्वद दिवस आईवडिलांनी भेटायचं नाही, फोनही करायचा नाही. "आई दिसली की मुलगा परत ढिला पडतो," असं तिथले सर म्हणाले. मुलगा तयार नसेल तर त्यांची माणसं रात्री गाडी घेऊन येतात आणि घेऊन जातात, त्याचे वेगळे आठ हजार. आम्ही दहा हजार ॲडव्हान्स दिलाय. पंधरा तारखेला गाडी येणार.

यांचं म्हणणं, आपल्या हातात आता काही उरलेलं नाही. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ज्यांनी मुलाला असं कुठं ठेवलंय त्यांनी सांगा, फायदा झाला का? परत आल्यावर मुलगा कसा होता? चांगलं-वाईट दोन्ही ऐकायचंय. फक्त "आईनं लक्ष दिलं नाही" हे नको. ते सगळ्यांकडून ऐकून झालंय.


सुदामा नगरचे काका

ताई, मी चौसष्ट वर्षांचा, वीज मंडळातून निवृत्त. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घराबाहेर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२०१९ च्या जुलैत आम्ही आमच्या मुलाला असंच पाठवलं. तो सोळाचा होता. जागा वेगळी, पद्धत हीच. रात्री दीडला चार माणसं आली. दार मी उघडलं, त्याची खोली मीच दाखवली. तो झोपेत होता. "बाबा, कोण आहेत हे?" एवढंच त्यानं विचारलं. केंद्रवाल्यांनी बजावलं होतं की गाडीत बसवेपर्यंत मुलाशी नजर मिळवू नका. मी ओट्यावर उभं राहून समोरच्या घराच्या मीटरकडे बघत राहिलो.

चार महिन्यांनी भेटू दिलं. डोकं भादरलेलं, हात मागे बांधलेले, असा समोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, बस रे. तो म्हणाला, "यस सर." मला, त्याच्या बापाला. आणि ताई, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. पोरगं वळणावर आलं असं वाटलं. बाहेर आल्यावर ही रडायला लागली तर मी तिच्यावरच चिडलो.

जानेवारीत घरी आला. दोन महिने इतका शहाणा की फ्रिजमधलं पाणीसुद्धा विचारून प्यायचा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, सगळे घरात कोंडलेले, आणि एप्रिलमध्ये त्यानं स्वतःला इजा करून घेतली. तपशील लिहीत नाही. वाचला. दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला पाहिलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला दोन वर्षांपासून नैराश्य होतं. आणि दुसरं, त्याला वाचनाची अडचण होती. डिस्लेक्सिया. एक पान वाचायला इतरांच्या तिप्पट वेळ लागायचा. नववीपर्यंत त्यानं कानावर पडेल ते लक्षात ठेवून निभावलं, पुढे निभेना. तेव्हा तो वर्गातून पळायला लागला आणि आम्ही त्याला आळशी, उद्धट, वाया गेलेला म्हणायला लागलो.

आज तो बावीसचा आहे. एसी दुरुस्तीचं काम करतो, हात चांगला आहे, आमच्याजवळच राहतो. खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो. रात्री गल्लीत एखादी गाडी थांबली की तो उठून खिडकीशी जातो. दर वेळी जातो. मला आवाज येतो आणि मी पडून राहतो.

तुम्ही त्यांना एवढंच विचारा की तुमच्याकडे मानसोपचाराचा डॉक्टर कोण आहे आणि तो मुलाला किती दिवसांनी बघतो. आम्ही जेवायला काय देतात ते विचारलं. गाद्या दाबून पाहिल्या. डॉक्टरचं नाव विचारलं नाही.


विजय नगर

मी वेगळं लिहितो. मी पाचवीपासून निवासी सैनिकी शाळेत होतो. पहाटे उठणं, परेड, रांगेत जेवण, सगळं केलं आणि माझं भलंच झालं. आजकालच्या मुलांना कुणी नाही म्हणणारं भेटत नाही. एका जागेचा अनुभव वाईट म्हणून सगळ्या जागा वाईट ठरवू नका. वहिनी, प्रत्यक्ष जाऊन बघा, तिथल्या मुलांशी बोला, मग ठरवा.


निवृत्त समाजसेविका

मी मनोरुग्णालयांत सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून सव्वीस वर्षं काम केलं, आधी ग्वाल्हेरला, मग इंदूरला. जरा सविस्तर लिहिते, कारण पंधरा तारीख जवळ आहे.

विजय नगरच्या भाऊंचं एक बरोबर आहे, तिथल्या मुलांशी बोलून बघायला सांगितलं ते. एकट्यानं बोलू देतात का बघा, अर्धं उत्तर तिथंच मिळतं. पण सैनिकी शाळेत मुलगा परीक्षा देऊन जातो, सुट्टीत घरी येतो, त्याचे आईवडील त्याला पत्र लिहू शकतात. तिथं तो आजारी म्हणून जात नाही, आणि झोपेतून उचलूनही त्याला कुणी नेत नाही.

आता कायदा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. दारू-ड्रग्जच्या सेवनामुळे होणारे मानसिक त्रासही त्यात येतात, त्यामुळे नशामुक्ति केंद्रांनाही तो टाळता येत नाही. मानसिक उपचारासाठी माणसं ठेवून घेणाऱ्या जागेला या कायद्याखाली नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मागा. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करण्यासाठी कलम ८७ आहे. त्यानुसार पालक लेखी अर्ज करतात. मग दोन तज्ज्ञ, त्यातला किमान एक मानसोपचारतज्ज्ञ, मुलाला स्वतंत्रपणे तपासतात. दाखल केल्याशिवाय भागणारच नाही आणि घरी राहून करायचे उपाय करून झाले किंवा ते जमण्यासारखे नाहीत, असं दोघांचं मत पडलं तरच दाखल करता येतं. मुलाला मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवावं लागतं. आणि ताई, हे नीट वाचा: पालकांनी किंवा पालकांनी नेमलेल्या माणसानं पूर्ण काळ मुलाजवळ राहायचं असतं. दाखल केल्यावर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. ३० दिवसांच्या पुढे गेलं तर पुन्हा कळवायचं आणि मंडळानं तपासायचं. साखळीनं बांधायला कलम ९५ नं बंदी आहे, एकट्याला कोंडून ठेवायला कलम ९७ नं.

आता तुमच्या केंद्राचे नव्वद दिवस याच्याशेजारी ठेवून बघा.

ते म्हणतील, आमचं रुग्णालय नाही, शाळा आहे. मग शाळेची मान्यता दाखवा म्हणा. वसतिगृह आहे म्हणाले तर घरी फोन का करू देत नाही, ते विचारा. उपचार करतो म्हणाले तर नोंदणी आणि डॉक्टर. मुलगा आणि तुम्ही समोर नसताना, कुणीही न तपासता सहा महिन्यांचा मुक्काम फोनवर ठरत असेल तर त्यांना तुमच्या मुलाबद्दल काय माहीत आहे? कपाटातले सहा हजार आणि वेप, एवढंच.

निवासी उपचार वाईटच, असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः मुलांना दाखल करून घेतलंय. जीव धोक्यात असतो, आवाज ऐकू येत असतात, व्यसन सोडताना शरीर साथ देत नाही, किंवा घरातच मुलाला मार बसत असतो, तेव्हा ते लागतं. पण चांगल्या वॉर्डात पहिल्या दिवसापासून घरी कधी आणि कसं जायचं यावर काम सुरू होतं. शाळेशी बोलणं होतं. आईवडिलांना बोलावून तासभर बसवलं जातं, आणि तो तास मुलाच्या औषधाइतकाच महत्त्वाचा असतो. वॉर्डात शांत झालेला मुलगा त्याच घरात त्याच पद्धतीनं परत गेला की दोन महिन्यांत पुन्हा आमच्या दाराशी. काकांनी लिहिलंय तसं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ च्या, १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. चाळीसच्या वर्गात तीन मुलं. मुलगी उदास झाली की रडते, गप्प होते, आपल्याला कळतं. मुलगा उदास झाला की पुष्कळदा चिडचिड करतो, मारामारी करतो, झोपेचं उलटं करतो, आवडीची गोष्ट सोडून देतो. तबला सोडला, क्रिकेट सोडलं, मित्र सोडले, हा क्रम तुम्ही स्वतःच लिहिलाय. शिवाय मुलग्यांना कुणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, तर ते मुलींपेक्षाही कमी बोलतात. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक छळ सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. तुमच्याकडे असंच आहे असं नाही. पण हे सगळं तपासायचं राहिलंय.

म्हणून आधी तपासणी. एम.जी.एम. मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, त्याच कॉलेजशी जोडलेलं बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली जातो, मला ठाऊक आहे. मी त्याच दारातून रोज कामाला जात होते. संकोच वाटत असेल तर खासगी मानसोपचारतज्ज्ञ बघा, शक्यतो किशोरवयीन मुलांचं काम करणारा. मुलाला थोडा वेळ एकट्याला बघतो ना, ते विचारून घ्या. आरोग्य विमा असेल तर तोही काढून बघा. याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितलंय.

आणि एक प्रश्न. "मला इथं राहायचंच नाही," असं तो म्हणतो. इथं म्हणजे कुठं, हे कुणी विचारलंय का त्याला?


रामबागची आई

काका, तुमचं वाचलं. यांनाही वाचायला दिलं. हे काही बोलले नाहीत, पण मोबाईल परत देताना "मीटर" एवढा एकच शब्द म्हणाले आणि गच्चीवर गेले.

ताई, इथं म्हणजे कुठं ते मी विचारलं नाही. घर असंच धरून चालले होते. तुमचं वाचल्यावर हातपाय गार पडले. पण विचारायची भीती वाटते. त्याच्या डोक्यात तसलं काही नसेल आणि मी विचारल्यामुळे आलं तर?


निवृत्त समाजसेविका

विचारल्यानं येत नाही. ही भीती प्रत्येक आईला असते, मी शेकडो आयांकडून ऐकलीय. मनात असेल तर विचारणारं कुणी भेटलं म्हणून मुलाला सुटल्यासारखं होतं. नसेल तर तो म्हणेल, काय गं आई, काहीही. शब्द सरळ वापरा. "तुला मरून जावंसं वाटतं का?" उगाच "वेडंवाकडं काही मनात नाही ना?" असं नको. त्यात उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो, नाही म्हण असं.

हो म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण शपथा घालू नका, ओरडू नका. कधी वाटतं, काही ठरवलंय का, विचारा. ठरवलंय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय. टेली-मानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, तुम्हीसुद्धा करू शकता. आजच्या आज सासूबाईंची बीपी-झोपेची औषधं, फिनेल, उंदराचं औषध कुलपात टाका. गच्चीची किल्ली तुमच्याजवळ.


मूळचा राजेंद्र नगरचा, सध्या युटा

काकू, मी इथं अमेरिकेत युटा राज्यात नोकरीला आहे. योगायोग म्हणा, पण मुलांना रात्री उचलून नेणारी अशी निवासी केंद्रं याच राज्यात सगळ्यात जास्त गाजली. इतर राज्यांतूनही आईवडील कर्ज काढून इथं मुलं पाठवायचे. त्या केंद्रांतून बाहेर पडलेली मुलं मोठी झाली आणि बोलायला लागली. इथली प्रसिद्ध टीव्ही-तारका पॅरिस हिल्टन ही त्यांतलीच, तिनं २०२१ मध्ये इथल्या विधिमंडळासमोर साक्ष दिली. त्याच वर्षी युटानं कायदा कडक केला. कोंडणं आणि जखडणं यांवर बंधनं आली, आणि मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलू द्यायला हवं हेही त्यात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये संस्थांमधल्या मुलांच्या छळाविरुद्ध देशपातळीवरचा कायदाही झाला. इकडे ज्यावर इतकं रामायण घडलं ते आपल्याकडे नवीन उपाय म्हणून विकतायत, हे वाचून राहवलं नाही.


वीस वर्षांचा

काकू, मी आत राहून आलोय, म्हणून लिहितो. माझा अनुभव चांगला आहे.

मे २०२१ मध्ये बाबा कोविडनं गेले. मी सोळाचा. पुढचं वर्ष मी कसं काढलं ते तुमच्या मुलासारखंच, वर एकदा आईचा मोबाईल भिंतीवर आपटून फोडला. सगळे नातेवाईक म्हणायचे, आधीच बिचारीवर आकाश कोसळलंय आणि हा असा. मामानं हॉस्टेलचं सुचवलं. आई एका डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी बंगळूरच्या निम्हान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी रुग्णालयात, पाठवलं. २०२२ मध्ये तिथं मुलांच्या वॉर्डात दाखल होतो, आई माझ्याबरोबर. तिनं शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

नियम तिथंही होते. उठायची वेळ, जेवायची वेळ. मोबाईल संध्याकाळी, तोही मोजका. पण प्रत्येक नियम कशासाठी ते मला सांगायचे आणि मला पटलं नाही तर वाद घालू द्यायचे. आधी मला एकट्याला बोलवायचे, मग आईला, मग दोघांना. दोघांना बोलावलं की मी खिडकीकडे तोंड करून बसायचो. आठ-नऊ दिवस काही नाही.

मग एकदा मॅडमनी विचारलं, मोबाईल फोडलास त्या दिवशी काय झालं होतं? मला वाटलं होतं ते कुणी विचारणारच नाही. झालं असं होतं की बाबांच्या नंबरवर त्यांनी लावलेली कॉलर ट्यून होती. मी रात्री तो नंबर लावायचो, ट्यून पूर्ण ऐकायचो, ठेवून द्यायचो. आईनं काही महिन्यांनी रिचार्ज बंद केला. आमच्याकडे पैशाची चणचण होती, आणि मी तो नंबर लावतो हे तिला काय माहीत. पुढे एके रात्री नंबर लावला तर कुणीतरी उचलला. "हॅलो कौन?" म्हणाला. त्या रात्री मी आईचा मोबाईल फोडला, कारण रिचार्ज तिच्याच मोबाईलवरून व्हायचा.

हे मी खिडकीकडे बघतच सांगितलं. आई काही बोलली नाही. बराच वेळानं म्हणाली, "मी पण लावायचे." दुपारी, मी शाळेत असताना. तिला ते सहन होईना म्हणून तिनं रिचार्ज बंद केला होता, पैशासाठी नव्हे. आम्ही दोघं एकाच घरात एकच नंबर लावत होतो आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. परत येऊन मी दोनदा शाळा बुडवली, गोळ्या मध्येच सोडल्या, पुन्हा सुरू केल्या. अकरावीचं वर्ष गेलं. पण आईला बंगळूरला आणलं नसतं तर ते कॉलर ट्यूनचं मी तिथं कुणाला सांगितलं नसतं. सांगून उपयोगही नव्हता. ते तिलाच सांगायचं होतं.

तुम्ही त्याच्याशी समोरासमोर बसून बोलू नका. समोर बसलं की चौकशी वाटते. स्कूटरवर मागे बसवा, नाहीतर तुम्ही पोळ्या करत असताना तो ओट्याशी उभा असेल तेव्हा. तुमची पाठ त्याच्याकडे असू द्या. आणि विचारल्यावर गप्प राहा. मला उत्तर द्यायला खूप वेळ लागायचा, तोवर मोठी माणसं पुढचा प्रश्न विचारून मोकळी.


वडोदऱ्याहून मावशी

दहावीची फार धास्ती घेऊ नका. माझ्या भाच्याचं तब्येतीमुळे वर्ष जात होतं, त्यानं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा दिली. ती वर्षात दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि ते प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. आधी मुलगा, मग बोर्ड.


रामबागची आई

आज बारा तारीख. उरलेलं सांगते.

सोमवारी दळण आणायला गेले तेव्हा त्याला म्हटलं, डबा जड आहे, चल. चक्कीवरून येताना महू नाक्याच्या चौराह्यावर सिग्नल लागला. मी पुढं, तो मागे, मध्ये पिठाचा डबा. तिथंच विचारलं. तुला इथं राहायचं नाही म्हणतोस, ते कुठं? घरी? आणि ताईंनी सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं विचारलं. सिग्नल सुटला. मी गाडी बाजूला घेऊन उभी केली आणि गप्प राहिले. मागचे हॉर्न वाजवून पुढे गेले. मला वाटलं तो उतरून चालायला लागणार.

म्हणाला, "शाळेत." मग खूप वेळानं, "आणि कधी कधी कुठंच." काही ठरवलंय का विचारलं तर नाही म्हणाला. पैसे कुणाला तरी द्यावे लागले, एवढं सांगितलं. कुणाला ते नाही. मी विचारलं नाही. डबा त्यानं मांडीवर घट्ट धरला होता, घरी आल्यावर बघितलं तर त्याच्या शर्टभर पीठ.

काल मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंना दाखवलं. त्यांनी त्याला चाळीस मिनिटं एकट्याला घेतलं, मला दहा. आत काय बोलणं झालं ते सांगणार नाही म्हणाल्या, जिवाला धोका वाटला तर मात्र लगेच सांगेन, असं त्याच्यासमोरच म्हणाल्या. सध्या दाखल करायची गरज नाही. दर आठवड्याला यायचं, झोपेचं आधी बघायचं, शाळेत काय चाललंय ते तो सांगेल तेव्हा सांगेल, पण तोवर त्याला एकट्याला शाळेत पाठवायचं नाही. पुढच्या बुधवारी अकराला दोघांनी या म्हणाल्या. दोघांनी म्हणजे मी आणि हे.

हे अजून पूर्ण तयार नाहीत. डॉक्टर काय आपल्याला शिकवणार, असं एकदा म्हणाले. पण बुधवारची शिफ्ट बदलून घेतलीय, आणि आज सकाळी कपाटातून पेचकस काढून बाथरूमच्या कडीशी खटपट करत होते. बसली नाही, लाकूडच चिरलंय. शेवटी सुताराला फोन केला.

केंद्राला मी नाही म्हणून कळवलं. ॲडव्हान्स परत मिळत नाही म्हणाले. दहा हजार. मी म्हटलं, राहू द्या. गाडी पाठवू नका म्हणून लेखी मागितलंय, ते अजून आलेलं नाही. काका, चौदाच्या रात्री आणि पंधराच्या रात्री मी खालच्या खोलीत दाराजवळ झोपणार आहे.